धर्मगुरू उमेदवार झाला तर

ऑगस्ट २०१७ मध्ये मीरा-भाईंदर महापालिकेच्या निवडणुकीचा प्रचार रंगात आला असताना एका जैन मुनींची चित्रफीत मोबाइलवरून घरोघरी पोहोचली. त्यांनी भाजपला मत देण्याचे आवाहन केल्याचा आक्षेप शिवसेनेने घेतला. संजय राऊत यांनी मुनींची तुलना थेट झाकीर नाईकशी केली आणि वाद आणखी चिघळला. २० ऑगस्टला मतदान झाले, ९५ पैकी ६१ जागा भाजपने जिंकल्या. एवढ्या मोठ्या यशामागे कारणे अनेक असतात. त्याचे श्रेय किंवा खापर एका चित्रफितीच्या माथी मारणे भाबडेपणाचे होईल. त्याच वर्षी नोव्हेंबरात, गुजरात विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, गांधीनगरचे आर्चबिशप थॉमस मॅकवान यांनी पत्रक काढून राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचावा म्हणून प्रार्थना करायला सांगितले. त्यांना निवडणूक यंत्रणेची नोटीस आली. दोघांचे धर्म वेगळे, राजकीय कल परस्परविरुद्ध. पण एका बाबतीत दोघे सारखेच होते. मतदान यंत्रावर दोघांचेही नाव नव्हते. त्यांचा सल्ला चुकीचा निघाला असे मतदाराला उद्या वाटले, तर त्यांना जाब विचारण्याची सोय कुठेच नव्हती. धर्मगुरूने राजकारणात उतरावे की नाही, हा वाद आपल्याकडे नेहमी खुर्चीभोवती फिरतो. माझ्या मते धर्मगुरू उमेदवार होतो तेव्हा लोकशाहीला असलेला धोका उलट कमी होतो. खरा धोका असतो तो नामानिराळे राहून मते फिरवणाऱ्या धर्मगुरूचा.

हा प्रश्न मीरा-भाईंदरसारख्या शहरात बसून विचारावा असाच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांवर वस्तीच्या या शहराच्या पश्चिम टोकाला उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही जुनी ख्रिस्ती गावे आहेत. कोळीवाडे, चर्च, समुद्रात बोटी आणि अंगणात वाळत घातलेली मासळी. त्याच उत्तन परिसरात केशवसृष्टी आहे आणि तिथल्या रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीत राजकीय कार्यकर्ते घडवले जातात. शहराच्या आतल्या भागात देरासरे आणि मशिदी, आणि वर्षभर चालणारे उत्सव आहेत. ख्रिस्ती समाज इथे राजकारणापासून कधीच अलिप्त नव्हता. २००२ मध्ये महापालिका झाली तेव्हा पहिल्या महापौर मायरा मेंडोन्सा होत्या. २००९ मध्ये मीरा-भाईंदर हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला आणि त्याचे पहिले आमदार झाले राष्ट्रवादी काँग्रेसचे गिल्बर्ट मेंडोन्सा. ही सगळी मंडळी प्रापंचिक. चर्चमधला फादर मात्र नगरसेवक होत नाही, कारण कॅथलिक चर्चचा स्वतःचाच कायदा त्याला आडवा येतो. १९८३ च्या कॅनन कायद्याचे २८५ वे कलम धर्मगुरूंना राज्यसत्तेच्या वापरात भाग घ्यावा लागेल असे कोणतेही सार्वजनिक पद घेण्यास मनाई करते. २८७ वे कलम राजकीय पक्षात सक्रिय होऊ नका असे सांगते, पण चर्चच्या हक्कांच्या रक्षणासाठी किंवा सर्वांच्या हितासाठी वरिष्ठांना गरज वाटली तर एक फट ठेवते. पद वर्ज्य, प्रभाव मात्र परिस्थितीनुसार चालेल, असा हा हिशेब आहे. त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. फादर गावातल्या सगळ्यांचा असावा, एका पक्षाचा नसावा. पण हेतू चांगला असला तरी रेषा योग्य जागी ओढली आहे का, हे तपासावेच लागते.

अमेरिकेने ही रेषा आधी एका जागी ओढली, मग पुसली. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मूळ तेरा राज्यांपैकी किमान सात राज्यांनी धर्मोपदेशकांना विधिमंडळाची दारे बंद केली होती. व्हर्जिनियाच्या राज्यघटनेच्या मसुद्यात थॉमस जेफरसन यांनीही अशी बंदी सुचवली होती. जेम्स मॅडिसन यांनी तिला हरकत घेतली. एखादा माणूस धर्माचे काम करतो म्हणून त्याचा नागरी हक्क हिरावणे ही शिक्षाच आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे जेफरसन यांनीही आपले मत बदलले. बंदी होती त्या काळातही धर्मोपदेशक राजकारणात होतेच. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर प्रेस्बिटेरियन पाळक जॉन विदरस्पून यांची सही आहे. १७८९ मध्ये प्रतिनिधीगृहाचे पहिले सभापती झालेले फ्रेडरिक म्युलेनबर्ग लुथरन पाळक होते. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, अमेरिकी सिनेटमध्ये बसलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य हायरम रेव्हल्स हेही धर्मोपदेशकच. शेवटची बंदी टेनेसी राज्यात उरली होती, १७९६ पासूनची. पॉल मॅकडॅनियल या बाप्टिस्ट पाळकाने राज्याच्या घटना परिषदेसाठी उमेदवारी केली, प्रतिस्पर्धी उमेदवाराने या कलमावर बोट ठेवले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ मध्ये न्यायालयाने ती बंदी रद्द केली. त्या निकालात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मांडलेला विचार माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. धर्मगुरूचे मत चुकीचे असेल तर त्यावर इलाज म्हणजे त्याचे उघड खंडन आणि मतपेटीतला पराभव. त्याला दाराबाहेर ठेवणे हा इलाज नव्हे.

पण अमेरिकेतलाच दुसरा अनुभव या निष्कर्षाला एक अट घालायला लावतो. फादर रॉबर्ट ड्रायनन हे येशूसंघीय धर्मगुरू १९७१ पासून दहा वर्षे मॅसॅच्युसेट्सचे काँग्रेस सदस्य होते. रिचर्ड निक्सन यांच्यावर महाभियोग चालवण्याचा पहिला ठराव १९७३ च्या जुलैत त्यांनीच मांडला, कंबोडियावरच्या गुप्त बॉम्बफेकीच्या प्रश्नावर. गर्भपाताच्या प्रश्नावरची त्यांची मतदाने मात्र चर्चला खुपत होती. १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्याकडून आदेश आला आणि ड्रायनन यांनी पुन्हा उमेदवारी न करण्याचे जाहीर केले. मतदारांनी त्यांना पाडले नव्हते. त्यांना खाली बसवले ते रोमने. निकाराग्वातले दृश्य तर जगाने पाहिले. मार्च १९८३ मध्ये पोप मानाग्वाच्या विमानतळावर उतरले. स्वागताला उभ्या मंत्र्यांच्या रांगेत संस्कृती खात्याचे मंत्री, कवी आणि धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल होते. त्यांनी टोपी काढून गुडघे टेकले, आणि पोपनी सगळ्यांदेखत बोट हलवत त्यांना खडसावले. पुढे त्यांचे धर्मगुरुपदाचे अधिकार काढून घेण्यात आले. ते परत मिळायला २०१९ उजाडले. आता याच्या शेजारी राफाएल वॉर्नॉक ठेवा. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अटलांटातल्या एबेनेझर बाप्टिस्ट चर्चचे ते पाळक. २०२१ मध्ये जॉर्जियाचे सिनेटर झाले आणि पाळकही राहिले. बाप्टिस्ट परंपरेत मंडळी आपला पाळक स्वतः निवडते, वरून हुकूम काढणारा कोणी नसतो. ड्रायनन आणि वॉर्नॉक यांच्यातला फरक श्रद्धेच्या खोलीचा नाही, आज्ञापालनाचा आहे. ज्याने तिसऱ्याच कोणाच्या आज्ञेत राहण्याचे व्रत घेतले आहे, तो मतदारांना पूर्णपणे उत्तरदायी राहू शकत नाही. तेव्हा पहिली अट अशी: लोकप्रतिनिधी होणाऱ्या धर्मगुरूला सभागृहात काय करावे याचा हुकूम देणारा वरिष्ठ नसावा. कॅथलिक चर्चची बंदी या अर्थाने प्रामाणिक आहे. आपला माणूस दोन धन्यांचा चाकर होईल, हे तिने ओळखले आहे. ही अट सर्व धर्मांच्या मठांना आणि पीठांना सारखीच लागू पडते.

आपल्या संविधान सभेतही दोन ख्रिस्ती धर्मगुरू होते, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. मद्रासकडून आलेले फादर जेरोम डिसूझा येशूसंघीय होते. आसामचे रेव्हरंड जे. जे. एम. निकल्स-रॉय हे खासी समाजातले प्रोटेस्टंट पाळक. निकल्स-रॉय यांनी आसामच्या मंत्रिमंडळात काम केले होते आणि डोंगरी भागांच्या स्वायत्त जिल्हा परिषदांची तरतूद करणाऱ्या सहाव्या परिशिष्टाच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी मांडलेली गरज जमिनीची, रूढ कायद्याची आणि स्थानिक कारभाराची होती. ती ख्रिस्ती नसलेल्या खासी माणसाचीही तेवढीच होती. डिसूझांनी धर्मस्वातंत्र्याची बाजू मांडली. संविधानाने आपला धर्म मानण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचा हक्कही मान्य केला, आणि त्याच सभेत धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा नकोत हा निर्णयही झाला. हा सौदा बारकाईने पाहण्यासारखा आहे. ख्रिस्ती समाजाने स्वतःची वेगळी मतपेटी मागितली नाही. आपले म्हणणे सर्वांसमोर मांडून सर्वांची मते मिळवायची जोखीम पत्करली. संविधान सभेतले हे दोघे धर्मगुरू मला योग्य नमुना वाटतात. कारण तिथे त्यांचा अंगरखा उपयोगाचा नव्हता. आंबेडकर, मुन्शी, अय्यंगार यांच्यासमोर स्वर्गाचा दाखला देऊन कलम मंजूर करून घेता येत नव्हते. कारणे द्यावी लागत होती, आणि ती न पटली तर हार मानावी लागत होती.

भारतीय कायद्याची रेषाही नेमकी इथेच पडते. धर्मगुरूला उमेदवारीची बंदी आपल्याकडे नाही. बंदी आहे ती विशिष्ट प्रकारे मत मागण्यावर. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात धर्माच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरवला आहे. अमुक मत दिले तर देवाचा कोप होईल किंवा धर्मातून शिक्षा होईल असे मतदाराला पटवणेही त्याच कलमात गैर ठरते. या कलमाची कसोटी आपल्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावरच लागली. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत रमेश प्रभू निवडून आले. प्रचारातल्या बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांवरून उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. सांताक्रूझहून १९९० मध्ये निवडून आलेल्या अभिराम सिंह यांचे प्रकरण २ जानेवारी २०१७ पर्यंत चालले. सात न्यायमूर्तींपैकी चौघांनी सांगितले की उमेदवाराच्या धर्मावर मत मागणे जसे गैर, तसेच मतदाराच्या धर्माला हात घालून मत मागणेही गैर. तिघांचे मत वेगळे होते. धर्म वा जातीमुळे ज्यांच्यावर अन्याय होतो, त्यांना तो अन्याय निवडणुकीत बोलून दाखवता आला नाही तर लोकशाही पोकळ होईल, असा त्यांचा इशारा होता. तो विसरता येणार नाही. त्याकडे पुढे येतोच. १९८८ चा आणखी एक कायदा धार्मिक स्थळांचा राजकीय कामासाठी वापर करायला मनाई करतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. कागदावर सगळे आहे. घोडे अडते ते एका जागी. १२३ वे कलम उमेदवाराला पकडते, त्याच्या प्रतिनिधीला पकडते, आणि उमेदवाराच्या संमतीने बोलणाऱ्याला पकडते. संमती सिद्ध झाली नाही की बाहेरून बोलणारा सुटतो आणि लाभ घेणारा हात झटकतो. पालिका निवडणुकीला तर हा केंद्रीय कायदा लागू नाही, तिथे राज्य निवडणूक आयोगाची आचारसंहिता चालते. म्हणजे धर्मगुरू स्वतः उभा राहिला तर त्याचा प्रत्येक शब्द कायद्याच्या कक्षेत येतो, आणि उभा न राहता बोलला तर बराचसा बाहेर राहतो. माझ्या म्हणण्याचे व्यावहारिक कारण हेच आहे.

यावर पहिला आक्षेप जोरकस आहे: धर्मगुरूने निवडणूकही लढवू नये आणि लोकांना सांगूही नये, तर त्याने अन्याय होताना गप्प बसायचे का? उत्तर भाईंदरच्या खाडीपलीकडे आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, बायबल सुबोध मराठीत आणले, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. पण वसईकरांना ते आठवतात हरित वसईच्या लढ्यासाठी. विहिरींचे पाणी उपसून नेणारे टँकर, बागायतीवर चालून येणारी बांधकामे आणि त्यामागची दहशत यांच्याविरुद्ध ते रस्त्यावर उतरले, ते धर्मगुरू असतानाच. वसईच्या केळीच्या वाड्यांत या लढ्याचा हिशेब लागतो: विहिरीत उतरलेली पाण्याची पातळी कोणीही दोर सोडून पाहू शकतो. ती पाहायला बाप्तिस्मा लागत नाही. सामवेदी ब्राह्मणाच्या वाडीतली विहीर आणि ख्रिस्ती शेतकऱ्याची विहीर एकाच भूजलावर चालते. दिब्रिटोंचे म्हणणे खोटे ठरवायचे असते तर विरोधकांना भूजलाचा अभ्यास घेऊन पुढे येता आले असते. धर्मगुरूच्या सार्वजनिक बोलण्याची माझी दुसरी अट यातूनच निघते: त्याने दिलेले कारण त्याच्या धर्माबाहेरच्या माणसालाही तपासता आले पाहिजे. उत्तनच्या धावगी डोंगरावरच्या घनकचरा प्रकल्पाचा त्रास गावाला होतो, असे एखाद्या फादरने मिस्सानंतर सांगितले तर ते राजकारण आहे आणि योग्य राजकारण आहे. अमक्याला मत दिले नाही तर देव रुसेल, हे सांगणे मात्र आपल्या हाती सोपवलेल्या विश्वासाचा गैरवापर आहे. सांताक्रूझच्या निकालातल्या तिघा न्यायमूर्तींची चिंताही या अटीत सामावते. धर्मामुळे घर नाकारले, नोकरी नाकारली, ही तक्रार कोणालाही तपासता येते. ती बोलण्याला आडकाठी नसावी.

दुसरा आक्षेप असा की धर्मगुरू उमेदवार झाला की वेगळे बोलायची गरजच उरत नाही. त्याचा वेशच प्रचार करतो. भगवी वस्त्रे किंवा पांढरा झगा पाहून हात आपोआप जोडले जातात, मग कलम १२३ काय कामाचे? यात तथ्य आहे. पण महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो? २०१९ मध्ये सोलापुरात जयसिद्धेश्वर शिवाचार्य स्वामींनी सुशीलकुमार शिंदे आणि प्रकाश आंबेडकर या दोन मोठ्या नेत्यांना हरवले. पण खासदार होताच त्यांच्या जातीच्या दाखल्याची तपासणी झाली, समितीने तो अवैध ठरवला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०२४ मध्ये पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. मठात असते तर हे प्रश्न त्यांना कोणी विचारले नसते. शांतिगिरी महाराजांना मोठा भक्तपरिवार आहे. तरी २००९ मध्ये औरंगाबादला आणि २०२४ मध्ये नाशिकला ते हरले. भक्त दर्शनाला येतो म्हणजे मतही देतो असे नाही, हे मतदाराने दोनदा दाखवले. वेशाचा प्रभाव खरा आहे, पण निवडणूक तो मोजते आणि मोजताना बऱ्याचदा त्याची हवा काढते. न मोजलेला प्रभाव मात्र मिथकासारखा वाढत जातो. पुढारी त्याच्यापुढे वाकतात, कारण तो किती आहे हे कोणालाच माहीत नसते. उलट बाजूने पाहायचे तर भगवानगडाचे महंत नामदेव शास्त्री यांनी गडावरच्या दसरा मेळाव्यातली राजकीय भाषणे बंद केली. राजकारणाची जागा वेगळी, गडाची वेगळी, ही त्यांची भूमिका पुढाऱ्यांना रुचली नाही. पण व्यासपीठ कोणाला द्यायचे हे ठरवणारा महंत स्वतःही एक राजकीय निर्णयच घेत असतो, हेही त्या वादातून दिसले. पूर्ण अलिप्तता कोणालाच साधत नाही. म्हणूनच जबाबदारी कोणाकडे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तिसरा आक्षेप अल्पसंख्याकांचा. संख्या थोडी, पक्षांना गरज कमी; अशा वेळी समाजाला एकत्र ठेवणारा आवाज चर्चचाच असतो, तो काढून घेतला तर समाजाच्या हाती काय उरते? केरळचा १९५९ चा विमोचन समर इथे आठवावा. ई. एम. एस. नंबूदिरिपाद सरकारच्या शिक्षण विधेयकाविरुद्ध कॅथलिक चर्च आणि नायर सर्व्हिस सोसायटी रस्त्यावर आली आणि ३१ जुलैला केंद्राने निवडून आलेले सरकार बरखास्त केले. शाळांच्या व्यवस्थापनाविषयीच्या तक्रारी खऱ्या असतीलही, पण ज्यांनी सरकार पाडायला बळ दिले त्यांच्यापैकी बिशपांना कोणत्याही मतदाराला हिशेब द्यावा लागला नाही. अल्पसंख्याक समाजाचे दूरवरचे नुकसान यातच असते. त्याच्या वतीने बोलणारा एकच आवाज पक्का झाला की पक्ष समाजाशी बोलणे सोडतात आणि त्या आवाजाशी सौदा करतात. मग मच्छीमार बाईला डिझेलचे दर हवे असतात, तरुणाला नोकरी हवी असते, आणि सौद्यात मिळते स्मशानभूमीची भिंत. मीरा-भाईंदरने दाखवलेला मार्ग जास्त बरा आहे. इथले ख्रिस्ती नेते पक्षांत गेले, भांडले, जिंकले, हरले. त्यांच्या कामाविषयी टीका करायला भरपूर जागा आहे, आणि ती जागा आहे हीच त्यांची गुणवत्ता आहे.

या सगळ्यातून काही ठोस गोष्टी निघतात. ज्या धर्मगुरूला सत्तेत जायचे आहे त्याने जावे, पण आज्ञेचे व्रत आधी सोडून. कॅथलिक फादरने पद सोडून, मठाधिपतीने गादीचा कारभार दुसऱ्याकडे सोपवून. वॉर्नॉकसारखा ज्याच्यावर वरिष्ठ नाही, त्याने दोन्ही कामे करावीत. फक्त प्रवचन आणि प्रचारसभा एकाच ठिकाणी भरवू नयेत. ज्याला उमेदवार व्हायचे नाही त्याने पक्षाचे नाव घेऊ नये. प्रश्नांची नावे मात्र खुशाल घ्यावीत आणि कारणे सर्वांना तपासता येतील अशी द्यावीत. कायद्यातली संमतीची पळवाट बुजवायची तर लाभ घेणाऱ्या उमेदवारावर एक साधे बंधन घालता येईल: धर्मगुरूने त्याच्यासाठी मत मागितल्याचे कळताच ठरावीक मुदतीत ते जाहीरपणे नाकारावे, नाहीतर त्याची संमती गृहीत धरावी. आणि मतदाराने देवळात, देरासरात, मशिदीत किंवा चर्चमध्ये राजकीय सल्ला मिळाला तर एवढेच विचारावे: हा सल्ला चुकला तर मी तुम्हाला कोणत्या निवडणुकीत पाडू शकतो? ज्याच्याकडे याचे उत्तर नाही, त्याच्याकडून आशीर्वाद अवश्य घ्यावा. मत मात्र आपल्या अकलेने द्यावे.